घाई करू नको, सावकाश ये

हुमनाबादला आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी आहे. गिरणीवाला शरणप्पा मला पाहिलं की विचारायचा, "मॅडम, तुमी फॉरेनच्या लोकांला इंग्लिश शिकवायलाव म्हणं. ही उलटी गंगा कशी काय?" मी सांगायची, "फॉरेनचे सगळेच इंग्रज नसतात, अण्णा. कुणी कोरियाचा असतो, कुणी आफ्रिकेचा. इंग्रजीच्या बाबतीत आपल्याइतकेच गरीब." मग त्याचा पुढचा प्रश्न, "ते तुमाला दिसतेत का?" दिसत नाहीत, नुसता आवाज येतो, असं म्हटलं की तो गिरणीचा पट्टा चढवत म्हणायचा, "म्हंजे रेडिओच की." आणि माझा डबा पुढं ओढायचा.

शरणप्पाला जे नीट सांगता आलं नाही ते इथं सांगून बघते. मी मूळची कमठाण्याची, शेतात मजुरी करणाऱ्या बापाची लेक. आमच्या बापानं विहाराच्या ओट्यावर बसून ऐकलेल्या भाषणांतून एक गोष्ट पक्की धरली होती, की इंग्रजी आली तर पोरगी कुणासमोर वाकणार नाही. ती आली, आणि त्या जोरावर मी हुमनाबादच्या कॉलेजात उभी हयात इंग्रजी शिकवलं. निवृत्त झाले तेव्हा वाटलं, आता खडू सुटला. तेवढ्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी बेंगळूरहून फोनवर बोलली. तिच्या कंपनीला इंग्रजी लेखन शिकवणारे शिक्षक हवे होते, घरी बसून, कानाला हेडफोन लावून. विद्यार्थी देशोदेशीचे. परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळालेला, विषय येतो, पण निबंध आणि प्रबंध इंग्रजीत लिहायचे म्हटलं की हातपाय गळतात, असे.

काम ऐकायला मोठं वाटतं, पण त्याचं सूत्र चार बोटांत मावेल एवढं. विद्यार्थी आपलं लिखाण स्क्रीनवर टाकणार, मी तांबड्या अक्षरांत खुणा करत बोलणार. आणि रोज सांगायचं तेच: मुद्दा आधी सांगा. परिच्छेदाच्या पहिल्या वाक्यात काय म्हणायचंय ते म्हणा, मग पुरावा द्या, मग तो पुरावा कुठून आणला ते सांगा. वाचकाला ताटकळत ठेवू नका. पार्क नावाचे एक कोरियन गृहस्थ होते, वयानं माझ्याएवढेच. ते प्रत्येक निबंधाच्या आरंभी आपल्या अज्ञानाबद्दल पानभर क्षमा मागायचे. ती क्षमा खोडताना माझाच जीव कानकोंडा व्हायचा, थोरामोठ्याचा नमस्कार झिडकारल्यासारखं वाटायचं. पण खोडायचीच, त्याचेच पैसे मिळायचे. आमचे तास ध्वनिमुद्रित व्हायचे आणि बेंगळूरला बसलेलं कुणीतरी ते ऐकून गुण द्यायचं. सासू नव्हती मला कधी, ती कसर कंपनीनं भरून काढली.

या सगळ्या उद्योगाला घरात इंटरनेट आणलं ते माझ्या नवऱ्यानं. माणिकराव टेलिफोन खात्यात लाइनमन होते. हुमनाबादच्या खांबाखांबाशी त्यांची ओळख. ते निवृत्त झाले तरी कुणाचा फोन बंद पडला की लोक आधी त्यांनाच हाक मारायचे. आमच्या घरची तार त्यांनी स्वतः ओढली, खिडकीच्या चौकटीला भोक पाडून आत घेतली आणि तिला पांढरा रंग दिला, भिंतीला शोभावी म्हणून. माझा तास चालू असला की ते अंगणात खुर्ची टाकून बसायचे. भंगारवाला ओरडत आला की हातानंच त्याला पुढं काढायचे. लोकांना सांगायचे, "आत यूनिव्हर्सिटी चालू हाय."

माणिकरावांकडं टेलिफोनचे किस्से पुष्कळ होते, पण एक गोष्ट ते नेहमी म्हणायचे, "या वायरीतनं आजपरेंत एक बी मेलेलं माणूस गेलं न्हाई. समदे सिरियसच जातेत." आमच्या भागात कुणाला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. माणूस गेला की त्याच्या लांबच्या लेकरांना फोनवर तसं सांगायचं नाही. जरा बरं नाही, सिरियस आहे, निघून ये, एवढंच म्हणायचं. ऐकणारा उलट विचारत नाही. तो हातातलं काम टाकतो, शेजाऱ्याला घराची किल्ली देतो आणि मिळेल ती गाडी पकडतो. रस्ताभर त्याच्या मनात एक चिमूटभर आशा राहते, आणि त्या आशेच्या आधारानं तो घरापर्यंत पोचतो. दारात माणसं बसलेली दिसली की कळतं. तोवर त्याला धरायला चार हात तयार असतात.

हे सगळ्यांना कळायचं, फक्त माझ्या मुलाला शिकायचं राहून गेलं. मिलिंद आमचा एकुलता. दहावीनंतर त्याला हैदराबादला ठेवलं, तिथून इंजिनिअरिंग, तिथून अमेरिका. त्या काळात आमच्यासारख्या घरांतली हुशार पोरं एकामागून एक त्याच वाटेनं निघाली होती आणि आम्ही आयाबाया त्यांना स्टँडवर पोचवून पेढे वाटत होतो. कमठाण्यात आजा गेला, चुलती गेली, तेव्हा मी त्याला बोलावलं नाही. परीक्षा होत्या. घरातही मी त्याला लहानपणापासून एकच वळण लावलेलं: आढेवेढे घेऊ नको, काय पाहिजे ते पहिल्या वाक्यात सांग. माणिकराव हसायचे. म्हणायचे, "पोराची पार टेलिग्रामची तार करून टाकलीस की."

माझ्या विद्यार्थ्यांत एक अलमाज होती. इथिओपियाची, पेशानं नर्स. शिष्यवृत्तीवर युरोपातल्या एका थंड गावात शिकायला आलेली. खेड्यातल्या बाया बाळंतपणाला दवाखान्यात का येत नाहीत, हा तिच्या प्रबंधाचा विषय. तिला मी सांगितलं होतं, की आमच्या बीदरला हबशी कोट म्हणून जागा आहे, शेकडो वर्षांपूर्वी तुमच्या मुलखातून आलेल्या लोकांच्या कबरी आहेत तिथं. तेव्हापासून ती मला नात्यातलीच समजायला लागली.

पण तिचं लिखाण म्हणजे वैताग. तीन पानं झाली तरी गावचा रस्ता, पाऊसपाणी आणि पाहुण्यांना दिलेली कॉफी. तिच्या मार्गदर्शकांनी प्रकरण दोनदा परत पाठवलेलं. मी विचारलं, "अलमाज, तुझा मुद्दा कुठं आहे?" म्हणाली, "चौथ्या पानावर." मी म्हटलं, "तो पहिल्या ओळीत का नाही?" तर हसून म्हणाली, "मॅडम, कुणाच्या घरात शिरल्या शिरल्या मुद्द्याचं बोलतं का माणूस? आधी बसायचं. गुराढोरांचं विचारायचं. मोठं काही सांगायचं असेल तर जास्तच वेळ बसायचं." आमचं बोलणं अर्थातच इंग्रजीत, पण मला वाटलं कमठाण्याची कुणी मावशीच बोलतेय. तरीही मी तिची कॉफी खोडली. पाऊस खोडला. चौथ्या पानावरचं वाक्य उचलून पहिल्या ओळीत बसवलं. प्रकरण पास झालं. तिनं आभार मानले, पण आवाज जरा उतरलेला वाटला.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात माणिकराव गेले. सकाळी अंघोळ करून आले, छातीत कळ येतेय म्हणाले, खाटेवर बसले. रिक्षा येईपर्यंत संपलं होतं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं हात लावून पाहिला आणि मान हलवली. घरी आणलं. माणिकरावांचंही गाव कमठाणंच; तिथून माझे दीर अशोक आले, त्यांच्या मागं सगळं गाव. अशोकभाऊजींनी घरच्या फोनवरून मिलिंदला लावला. ज्या तारेला माणिकरावांनी पांढरा रंग दिला होता, तिच्यातूनच ते आता सिरियस होऊन निघाले.

"मिलिंद, अशोककाका बोलायलोय. दादाला जरा बरं न्हाई. सिरियस हाय म्हणतेत. तू निघून ये बाबा."

मिलिंद झोपेतून उठला असावा. त्याचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. "काय झालं काका? कुठल्या दवाखान्यात आहेत?"

"गुलबर्ग्याला न्यायलेत. तू निघ."

"डॉक्टरांचा नंबर द्या. आईला द्या फोन."

"आई दवाखान्यात हाय."

मी समोरच होते, माणिकरावांच्या उशाशी, भिंतीला टेकून. फोन आपल्या हातात घ्यावा असं माझ्या मनातही आलं नाही. अशोकभाऊजी वावगं काही करत होते असंही वाटलं नाही. पोर एकटं, एवढ्या लांब, विमानात बसून यायचं. मेलेला बाप मांडीवर देऊन त्याला कसं पाठवायचं?

मिलिंद निघाला, असंच सगळ्यांनी धरलं. निघायला सांगितलं की माणूस निघतोच. बर्फाच्या लाद्या आणल्या, पोती अंथरली. बाया हिशेब करत होत्या, आता विमानतळावर पोचला आसंल, आता विमानात बसला आसंल. मीही तोच हिशेब करत होते. बापाचं तोंड बघायला मिळेल का पोराला, एवढा एकच विचार डोक्यात होता. दुसरा विचार केला असता तर मला उठताच आलं नसतं.

संध्याकाळी फोन वाजला. मिलिंदच. विमानतळावरून असेल म्हणून अशोकभाऊजींनी घाईनं उचलला.

"काका, पप्पा कसे आहेत आता? मी आईला मेल केलाय, रिपोर्ट स्कॅन करून पाठवा. इथं ओळखीचे एक डॉक्टर आहेत, त्यांना दाखवतो. काम संपवून शनिवारचं तिकीट बघू का?"

तो घरीच होता. अशोकभाऊजींनी माझ्याकडं पाहिलं, मग पोत्याखालून वाहत आलेल्या पाण्याकडं पाहिलं. आता निघाला तरी दोन दिवस. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. म्हणाले, "आता घाई करू नको बाबा. सावकाश ये."

आमच्याकडं यापुढचं वाक्य नसतं. हे ऐकून दगडालाही कळलं असतं, की माणूस गेला. मिलिंद म्हणाला, "म्हणजे आता बरं आहे ना त्यांना?"

"व्हय. आता काय त्रास न्हाई."

पलीकडून मिलिंदनं सुटकेचा श्वास सोडला, तो मला इकडं ऐकू आला. म्हणाला, "थँक गॉड."

मी त्या वेळी ओरडून सांगायला हवं होतं असं आज वाटतं. त्याच संध्याकाळी त्रिसरण-पंचशील म्हणून त्यांना नेलं. पुढचे चार-पाच दिवस मिलिंदचे फोन येत राहिले आणि कुणी ना कुणी "व्हय, बरं हाय, तू ये" म्हणत राहिलं. एकदा मी बोलले. "ये रे बाळा," एवढंच म्हणाले आणि रडू फुटलं. आई घाबरलीय, असं त्याला वाटलं.

त्याचा मेल मी नंतर वाचला. पहिल्याच वाक्यात, त्याला काय माहिती हवी आहे ते. मग क्रमानं कारणं. मग त्यानं काय केलंय आणि आम्ही काय करावं ते. एक शब्द कमीजास्त नाही. माझ्या कुठल्याही विद्यार्थ्याला नमुना म्हणून दाखवावा असा मेल होता तो, आणि तो वाचून मी ऊर फुटेस्तोवर रडले.

ठरल्याप्रमाणं शनिवारी तो तिकडून निघाला. हैदराबादहून त्याला आणायला गेलेला चुलतभाऊ वाटेत एक अक्षर बोलला नाही. माणूस गेल्यानंतरचा जलदान विधी त्याच्यासाठीच लांबवलेला, दारात माणसं होती. टेबलावर हार घातलेला फोटो होता. मिलिंद बूट न काढता त्याच्यासमोर उभा राहिला. मग त्यानं बॅग उघडली आणि एक खोका काढून टेबलावर ठेवला. रक्तदाब मोजायचं यंत्र होतं. पप्पांना घरच्या घरी बघता यावं म्हणून आणलेलं.

"खरं सांगितलं असतं तर मी शनिवारपर्यंत थांबलो असतो का?" तो म्हणाला. "मी विचारत होतो. रोज विचारत होतो. तुम्ही सगळे बरं आहे म्हणत होता."

अशोकभाऊजी म्हणाले, "आरं, सावकाश ये म्हणलं की मी. तुला कळलं न्हाई व्हय?"

मिलिंद माझ्याकडं वळला. "आई, पहिल्या वाक्यात सांगायचं असतं ना?"

अशोकभाऊजी त्या दिवशी परसात जाऊन बसले ते जेवायलासुद्धा उठले नाहीत. भावाच्या लेकराला सांभाळून आणायचं म्हणून त्यांनी सगळं केलं होतं, आणि त्या लेकरानं त्यांच्याकडं परक्यासारखं पाहिलं. दोघांतलं चुकलं कोण, हे मला ठरवता आलेलं नाही.

मिलिंद गेल्यावर घर खायला उठलं. मी पुन्हा तास सुरू केले. अंगणातली खुर्ची मी उचलली नाही. पहिलाच तास अलमाजचा आला. कंपनीचा दंडक असा, की रजेचं कारण थोडक्यात सांगायचं आणि कामाला लागायचं. मी माझ्या सरावाच्या, स्वच्छ इंग्रजीत सांगितलं, "माझ्या नवऱ्याची तब्येत जरा बरी नव्हती, म्हणून मी येऊ शकले नाही. चला, पाचवं प्रकरण उघडू या."

लाइन गेली की काय म्हणून मी हेडफोनची पिन हलवली. मग अलमाज हळूच म्हणाली, "मॅडम, आज घरात तुमच्याजवळ कोण आहे?"

मी म्हटलं, "कुणी नाही. का गं?"

"जेवलात का तुम्ही?"

तेव्हा मला कळलं, की तिला कळलंय. मग तीच बोलली. तिच्या गावाकडं अशी बातमी फोनवर कधीच देत नाहीत. पहाटे नातेवाईक आणि शेजारी जमून दाराशी येतात, काही न बोलता आत येऊन बसतात. एवढी माणसं एकदम आली म्हणजे काय, ते घरातल्यानं समजून घ्यायचं. "मी लांब आहे," ती म्हणाली, "पण मी बसलेय इथं." आणि ती खरंच बसली. पाचवं प्रकरण स्क्रीनवर तसंच उघडं राहिलं, एकही तांबडी खूण न होता. मी मोठ्यानं रडले, ती तिच्या भाषेत काहीतरी पुटपुटत राहिली. पोटच्या पोराला जे कळलं नाही ते या पोरीला एका वाक्यात कळलं. आणि तिचं हेच बोलणं मी महिनोन्‌महिने खोडत आले होते. पुढच्या आठवड्यात बेंगळूरहून शेरा आला: सदर तासात अध्यापन झालेलं नाही. खरंच होतं ते.

अलमाज पास झाली, आपल्या देशात परत गेली. मी आणखी तीन वर्षं काम केलं. मुद्दा आधी सांगा, हे शिकवत राहिले, कारण परदेशी विद्यापीठाला तेच लागतं. फक्त शेवटी एक वाक्य जोडायला लागले, की घरी गेलात की हे विसरा. ते वाक्य कंपनीला आवडलं नाही.

मिलिंदचे फोन दर रविवारी यायचे, पण त्यात ओल नव्हती. मी "बरी आहे" म्हटलं की तो विचारायचा, "नक्की? खरं सांगतेस?" कधी कधी माझ्याशी बोलून झाल्यावर तो शेजारच्यांना फोन करून खात्री करायचा. माझ्या शब्दावरचा त्याचा विश्वास उडाला होता. अशोकभाऊजींशी तर बोलणंच बंद.

मग एका श्रावणात मला ताप आला. आठवडाभर अंथरुणाला खिळले. अशोकभाऊजी बघायला आले आणि न राहवून त्यांनीच मिलिंदला फोन लावला. "आईला जरा बरं न्हाई," म्हणाले. मिलिंद "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला. भाऊजी मला म्हणाले, "काय झालं म्हणून इचारलं बी न्हाई बघा वैनी. लईच दगड झालंय पोरगं." मी भिंतीकडं तोंड केलं.

दोन-तीन दिवसांनी ताप उतरला. सकाळी ओसरीवर बसून मी तुरीची डाळ निवडत होते. दाराशी रिक्षा थांबली. मिलिंद उतरला. दाढी वाढलेली, हातात ऑफिसची छोटी बॅग, दुसरं काही नाही. त्यानं माझ्याकडं पाहिलंच नाही. माझ्या डोक्यावरून थेट आतल्या खोलीत त्याची नजर गेली, माणसं बसलेली असतात तिथं. खोली रिकामी होती. मग त्याला मी दिसले, सूप मांडीवर घेतलेली.

तो पायरीवरच बसला. गुडघ्यात डोकं घालून हुंदके देत राहिला.

"कामून रडायलास? तापच होता रे नुसता," मी म्हटलं.

"काका म्हणाला, जरा बरं न्हाई." कित्येक वर्षांनी तो गावच्या बोलीत बोलत होता. "मी काय इचारू मग?"

दुपारी त्यानं कपाटातून तो खोका काढला. माणिकरावांसाठी आणलेलं यंत्र, अजून प्लॅस्टिकमध्ये होतं. आतले सेल संपलेले. टीव्हीच्या रिमोटचे काढून त्यानं बसवले, पट्टा माझ्या दंडाला गुंडाळला आणि बटण दाबलं. पट्टा आवळत गेला, मग सैल झाला. मिलिंद आकड्यांकडं बघत राहिला.

"किती हाय रे?" मी विचारलं.

त्यानं पट्टा सोडवला, नीट घडी केली, माझी बाही खाली ओढली.

"बरं हाय," तो म्हणाला.